कॉन्टॅक्ट लेन्स : पाण्यापासून चार हात दूर

सहलीला निघताना घाईगर्दीत सोल्यूशनची बाटली घरीच राहते. रात्री मुक्कामाच्या ठिकाणी पोहोचल्यावर ही गोष्ट ध्यानात येते. जवळपासची दुकाने बंद झालेली असतात. मग लेन्सची डबी बेसिनच्या नळाखाली धरून भरली जाते, त्यात दोन्ही लेन्स ठेवल्या जातात आणि सकाळी त्याच पुन्हा डोळ्यांत चढतात. ‘एका रात्रीने काय होणार आहे?’ हा त्यामागचा विचार असतो. बहुतेक वेळा खरोखरच काही होत नाही, आणि म्हणूनच ही सवय अंगवळणी पडते. मात्र ज्या एखाद्या वेळी जंतुसंसर्ग होतो, त्या वेळी त्याचे मोल दृष्टीने चुकवावे लागण्याची शक्यता असते.

महाविद्यालयीन विद्यार्थी, कार्यालयांत काम करणारे तरुण-तरुणी, खेळाडू, कलावंत अशा अनेकांनी चष्म्याला पर्याय म्हणून कॉन्टॅक्ट लेन्स स्वीकारली आहे. चांगल्या प्रतीची, योग्य मापाची आणि नीट निगा राखलेली लेन्स सुरक्षित असते, याविषयी नेत्रतज्ज्ञांमध्ये दुमत नाही. तथापि, लेन्स ही कपाळावरच्या टिकलीसारखी केवळ प्रसाधनाची वस्तू नव्हे. ती डोळ्याच्या सर्वांत नाजूक भागावर तासन् तास बसणारे वैद्यकीय साधन आहे. तिच्या वापराचे नियम थोडे आहेत, पण त्यांत सवलत नाही. त्यांतला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वाधिक मोडला जाणारा नियम असा, की लेन्सला पाण्याचा स्पर्श होता कामा नये.

पारपटलाची गरज

डोळ्याच्या काळ्या भागावर घड्याळाच्या काचेसारखा जो पारदर्शक पडदा असतो, त्यास पारपटल किंवा कॉर्निया म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरहून किंचितच अधिक असते. बाहेरून येणारे प्रकाशकिरण वळवण्याचे मोठे काम हाच पडदा करतो. तो पारदर्शक राहावा म्हणून त्यात रक्तवाहिन्या नसतात. परिणामी, आवश्यक तो प्राणवायू तो बव्हंशी अश्रूंच्या पातळ थरातून, थेट हवेतून घेतो.

लेन्स बसवल्यावर हवा आणि पारपटल यांच्यामध्ये एक आडपडदा येतो. प्राणवायू कमी पडला, तर पारपटलाला किंचित सूज येते आणि त्याचे वरचे आवरण दुबळे होते. दीर्घकाळ असे चालू राहिल्यास कडेकडेने नव्या रक्तवाहिन्या आत शिरू लागतात. एरवी पापण्यांची उघडझाप आणि अश्रू मिळून डोळा सतत धुऊन काढत असतात. लेन्सखाली हे धुणे मंदावते. अशा वेळी लेन्सवर जंतू असतील आणि पारपटलावर सूक्ष्म ओरखडा असेल, तर संसर्गाला वाट मिळते. त्यातून पारपटलावर व्रण होतो. व्रण बरा झाला तरी मागे पांढरा डाग राहू शकतो. यालाच आपण ‘फूल पडणे’ म्हणतो. हे फूल मधोमध पडले, तर दृष्टी कायमची अधू होते आणि काही वेळा नेत्रदानातून मिळालेल्या पारपटलाचे रोपण करण्यावाचून इलाज उरत नाही.

काचेपासून मऊ लेन्सपर्यंत

झुरिच येथे काम करणारे जर्मन डॉक्टर अडॉल्फ फिक यांनी १८८८ मध्ये काचेच्या कॉन्टॅक्ट लेन्सविषयी लेख प्रसिद्ध केला. डोळ्याचा पांढरा भागही झाकणाऱ्या त्या जड लेन्स काही तासांपलीकडे सहन होत नसत. अमेरिकेतील केव्हिन टूही यांनी १९४८ मध्ये फक्त पारपटलावर बसणारी प्लास्टिकची छोटी लेन्स तयार केली. आजच्या मऊ लेन्सचे श्रेय चेक रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टरले यांच्याकडे जाते. १९६१ च्या नाताळात त्यांनी प्राग येथील आपल्या घरी मुलांच्या खेळण्यातील जोडणीचे भाग आणि सायकलचा डायनामो वापरून एक यंत्र उभे केले आणि त्यावर पाणी शोषून मऊ राहणाऱ्या पदार्थाच्या लेन्स घडवल्या. अमेरिकेत अशा लेन्सला १९७१ मध्ये मान्यता मिळाली. प्राणवायू अधिक प्रमाणात आत सोडणारी सिलिकॉन हायड्रोजेल लेन्स १९९० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आली.

मऊ लेन्स डोळ्याला सुखावह वाटते, कारण ती ओलसर असते. ज्या गुणामुळे ती द्रव शोषून घेते, त्याच गुणामुळे ती दूषित द्रवही शोषते, ही गोष्ट वापरणाऱ्याने विसरता कामा नये.

लेन्सची निवड

मऊ लेन्समध्ये एक दिवस वापरून टाकून देण्याची, पंधरा दिवसांची, महिन्याची आणि वर्षभर चालणारी असे प्रकार मिळतात. मुदत ही बाकीट उघडल्याच्या दिवसापासून मोजायची असते. महिन्याची लेन्स आठवड्यातून दोनदाच घातली, म्हणून ती चार महिने चालत नाही. प्राणवायू आत सोडणाऱ्या अर्धकठीण लेन्स अधिक टिकाऊ असतात. पारपटल शंकूसारखे पुढे येण्याच्या विकारात, म्हणजे केरॅटोकोनसमध्ये, त्या विशेष उपयोगी ठरतात. त्यांची सवय होण्यास मात्र काही दिवस लागतात.

जंतुसंसर्गाच्या दृष्टीने रोज बदलण्याच्या लेन्स सर्वांत सोयीच्या, कारण त्यांत साठवण नाही, डबी नाही आणि साफसफाईही नाही. खर्च अधिक वाटला, तरी जे केवळ समारंभापुरती किंवा खेळापुरती लेन्स वापरतात, त्यांना हाच प्रकार परवडतो. रोजची लेन्स धुऊन दुसऱ्या दिवशी वापरणे मात्र धोक्याचे आहे.

चष्म्याच्या नंबरावरून दुकानात जाऊन लेन्स घेऊ नये. चष्मा डोळ्यापासून काही अंतरावर असतो आणि लेन्स डोळ्यालाच टेकलेली असते. त्यामुळे मोठ्या नंबरांत दोन्हींची शक्ती वेगळी येते. शिवाय पारपटलाची गोलाई आणि लेन्सचा व्यास जुळावा लागतो. हाच नियम नंबर नसलेल्या रंगीत लेन्सनाही लागू आहे. अमेरिकेत २००५ मध्ये केवळ शोभेच्या लेन्सनाही वैद्यकीय साधन ठरवून डॉक्टरांच्या चिठ्ठीविना त्यांची विक्री करण्यास बंदी करण्यात आली. मैत्रिणीची निळी लेन्स ‘एकदा घालून पाहणे’ म्हणजे तिच्या डोळ्यांतील जंतू आपल्या डोळ्यांत घेणे होय.

पाणी का नको?

आपल्याकडे पाणी हे शुद्धतेचे प्रतीक आहे. बाहेरून आल्यावर हातपाय धुवावेत, डोळ्यांवर गार पाण्याचा हबका मारावा, असे लहानपणापासून शिकवले जाते. त्यामुळे लेन्स खाली पडली, की ती नळाखाली धरणे स्वाभाविक वाटते. परंतु पिण्यास योग्य असलेले पाणी निर्जंतुक असतेच असे नाही. पोटातील आम्ल ज्यांना सहज नष्ट करते, असे सूक्ष्मजीव लेन्सच्या आडोशाने पारपटलावर तळ ठोकू शकतात.

यांतील सर्वांत चिवट म्हणजे अ‍ॅकॅन्थअमीबा हा एकपेशीय जीव. माती, तळी, पोहण्याचे तलाव, नळ, पाण्याच्या टाक्या असा त्याचा सर्वत्र वावर असतो. परिस्थिती प्रतिकूल झाली, की तो स्वतःभोवती दुहेरी कवच तयार करतो. नळाच्या पाण्यातील नेहमीच्या प्रमाणातील क्लोरीन या कवचाचे फारसे काही बिघडवू शकत नाही. त्याच्यामुळे होणाऱ्या पारपटलदाहात असह्य वेदना होतात आणि उपचार कित्येक महिने चालतात.

अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या मध्यास अशा रुग्णांची संख्या वाढली, तेव्हा त्यांच्यापैकी अनेक जण मिठाच्या गोळ्या पाण्यात विरघळवून घरीच लेन्सचे द्रावण तयार करीत असल्याचे आढळले. ब्रिटनमध्ये या आजाराचा संबंध घरातील पाणी साठवण्याच्या टाक्यांशी जोडला गेला आहे. गच्चीवरच्या टाकीतून पाणी घेणाऱ्या मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांनी ही बाब लक्षात घ्यावी. लंडनच्या मूरफिल्ड्स नेत्ररुग्णालयातील रुग्णांच्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पुन्हा पुन्हा वापरण्याच्या लेन्स वापरणाऱ्यांना हा आजार होण्याची शक्यता रोज बदलण्याच्या लेन्स वापरणाऱ्यांच्या तुलनेत जवळजवळ चौपट दिसली. लेन्स घालून शॉवरखाली स्नान करणे हेही धोका वाढवणारे एक कारण ठरले. भारतात हा आजार लेन्स न वापरणाऱ्यांनाही होतो. शेतात काम करताना डोळ्याला इजा होणे, माती किंवा गढूळ पाणी जाणे ही त्याची प्रमुख कारणे आहेत. म्हणजेच हा जीव आपल्या परिसरात आहेच. लेन्स घालणाऱ्याने त्याला पाण्यावाटे आमंत्रण देऊ नये.

‘पाणी उकळून गार केले तर?’ असाही प्रश्न विचारला जातो. उकळल्याने जंतू मरतात, पण गार होताना आणि भांडे बदलताना ते पुन्हा शिरू शकतात. शिवाय अश्रूंमध्ये जसे क्षार असतात, तसे साध्या पाण्यात नसतात. त्यामुळे मऊ लेन्स फुगते, तिचा आकार बदलतो आणि ती पारपटलाला घट्ट चिकटते. ती काढताना ओरखडे पडतात. फिल्टरचे, बाटलीबंद किंवा बॅटरीसाठीचे डिस्टिल्ड पाणीही यास अपवाद नाही. अर्धकठीण लेन्स नळाच्या पाण्याने धुण्याची मुभा एके काळी दिली जात असे. आता ती पद्धतही त्याज्य मानली जाते. लाळ लावून लेन्स ओली करण्याविषयी तर बोलायलाच नको.

रोजची निगा

लेन्सची निगा राखण्यास सकाळ-संध्याकाळ मिळून काही मिनिटे पुरतात. क्रम मात्र चुकवू नये.

• हात साबणाने स्वच्छ धुवावेत आणि धागे न सुटणाऱ्या कोरड्या, स्वच्छ रुमालाने पूर्ण टिपावेत. ओल्या बोटांवरचे पाणीही पाणीच असते. नखे कापलेली असावीत.

• लेन्स नेहमी एकाच डोळ्यापासून, उदाहरणार्थ उजव्यापासून, घालायला आणि काढायला सुरुवात करावी. त्यामुळे अदलाबदल होत नाही.

• घालण्यापूर्वी लेन्स बोटाच्या टोकावर ठेवून पाहावी. कडा वाटीसारख्या सरळ वर गेल्या असतील, तर ती सुलट आहे. बशीसारख्या बाहेर पसरल्या असतील, तर ती उलटली आहे. चिरलेली किंवा कड फाटलेली लेन्स टाकून द्यावी.

• काढल्यावर लेन्स तळहातावर ठेवून सोल्यूशनचे थेंब टाकावेत आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने दोन्ही बाजू हळुवार चोळाव्यात. त्यानंतर ताज्या सोल्यूशनची धार सोडून ती धुवावी. ‘चोळण्याची गरज नाही’ असे बाटलीवर लिहिलेले असले, तरी चोळल्याने प्रथिनांचे थर आणि जंतू अधिक चांगले निघतात.

• डबीत ताजे सोल्यूशन घालून त्यात लेन्स पूर्ण बुडवावी आणि बाटलीवर दिलेला किमान वेळ, बहुधा चार ते सहा तास, तशीच ठेवावी.

सोल्यूशन आणि डबी

कालच्या सोल्यूशनमध्ये आजचे थोडे ओतून भागवणे ही काटकसर महागात पडते. एकदा वापरलेल्या द्रावणाची जंतुनाशक शक्ती उतरलेली असते. २००६ मध्ये अमेरिकेसह काही देशांत फ्युझेरियम या बुरशीमुळे होणाऱ्या पारपटलदाहाची साथ आली. अमेरिकेतील तपासात १६४ रुग्णांची खातरजमा झाली आणि बॉश अँड लॉम्ब कंपनीचे ‘रेन्यू विथ मॉइश्चरलॉक’ हे सोल्यूशन त्या वर्षी मे महिन्यात जगभरातून मागे घेण्यात आले. त्याच तपासात असेही दिसले, की डबीतील सोल्यूशन पुन्हा वापरणाऱ्यांमध्ये या आजाराचे प्रमाण अधिक होते. उत्पादनातील दोष ग्राहकाच्या हातात नसतो, पण डबी रिकामी करणे त्याच्या हातात असते.

सलाइन आणि बहुउद्देशीय सोल्यूशन यांतील फरक अनेकांना ठाऊक नसतो. सलाइनने लेन्स खळबळता येते, परंतु ते जंतू मारत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडची पद्धत प्रभावी आहे. मात्र तिच्यासोबत मिळणाऱ्या खास डबीतच लेन्स सांगितलेला वेळ ठेवावी लागते, म्हणजे पेरॉक्साइड निष्प्रभ होते. हे द्रावण थेट डोळ्यात गेल्यास तीव्र जळजळ होते. प्रवासासाठी सोल्यूशन दुसऱ्या छोट्या बाटलीत ओतून नेऊ नये. कंपनीची छोटी बाटलीच घ्यावी. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवावी आणि मुदत संपताच उरलेले सोल्यूशन फेकून द्यावे.

डबी हा सर्वांत दुर्लक्षित भाग. सकाळी लेन्स घातल्यावर डबीतील द्रावण ओतून टाकावे, ताज्या सोल्यूशनने ती आतून चोळून धुवावी, स्वच्छ टिश्यू कागदाने पुसावी आणि झाकणे काढून उपडी वाळत ठेवावी. स्नानगृहातील दमट फळी ही डबीची जागा नव्हे. दर तीन महिन्यांनी, शक्य तर त्याआधीच, डबी बदलावी. चार-पाच दिवस डबीतच राहिलेल्या लेन्स पुन्हा ताज्या सोल्यूशनमध्ये निर्जंतुक केल्याशिवाय डोळ्यांत घालू नयेत.

लेन्स घालून झोपू नये

मिटलेल्या पापणीआड पारपटलाला मिळणारा प्राणवायू आधीच घटलेला असतो. त्यात लेन्सची भर पडली, की सूज आणि संसर्ग यांची शक्यता वाढते. अमेरिकेतील न्यू इंग्लंड भागात झालेल्या आणि १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिवसा वापरण्याच्या मऊ लेन्सच्या दर १० हजार वापरकर्त्यांमागे वर्षाला सुमारे चार जणांना पारपटलाचा व्रण झाल्याचे आढळले. रात्रीही ठेवण्याच्या लेन्समध्ये हाच आकडा सुमारे २१ होता. त्यानंतर साहित्य सुधारले असले, तरी झोपेतील धोका टळलेला नाही. लोकलमधील किंवा रात्रीच्या बसमधील डुलकीही यातच मोडते. लांबच्या प्रवासात चष्मा लावणेच श्रेयस्कर. किंबहुना लेन्स वापरणाऱ्या प्रत्येकाकडे अद्ययावत नंबरचा चष्मा असलाच पाहिजे. चष्मा नसतो म्हणूनच लाल झालेल्या डोळ्यात पुन्हा लेन्स घातली जाते.

काही नेहमीचे प्रसंग

लेन्स काढून मगच आंघोळ करावी किंवा आंघोळ झाल्यावर, चेहरा पूर्ण कोरडा करून, लेन्स घालावी. पोहताना, धबधब्याखाली किंवा समुद्रात लेन्स घालू नये. पावसात चेहरा भिजणार असेल, तर चष्म्याचा त्रास पत्करावा. होळी-रंगपंचमीचा रंग आणि मिरवणुकीतील गुलाल लेन्सवर बसून राहतो आणि धुऊनही पूर्ण निघत नाही. त्या दिवशी लेन्सला सुट्टी द्यावी.

प्रसाधन करताना आधी लेन्स घालावी आणि मग काजळ, आयलायनर लावावे. उतरवताना आधी लेन्स काढावी. काजळ पापणीच्या आतल्या कडेला लावू नये. केसांचा स्प्रे आणि अत्तर मारताना डोळे मिटून घ्यावेत. मिरच्या चिरल्यानंतर साबणाने हात धुतले तरी तिखटपणा बोटांवर रेंगाळतो, हे गृहिणींना सांगायला नको. म्हणून संध्याकाळी स्वयंपाकाला लागण्यापूर्वीच लेन्स काढून ठेवणे बरे. संगणकासमोर पापण्यांची उघडझाप कमी होते आणि वातानुकूलित कक्षात अश्रू लवकर सुकतात. अशा वेळी मुद्दाम पापण्या मिटाव्यात. डॉक्टरांनी सुचवलेलेच, लेन्सवर चालणारे थेंब वापरावेत.

लेन्स डोळ्यामागे सरकून मेंदूकडे जाईल, ही भीती निराधार आहे. पापणीच्या आतील आवरण वळून बुबुळाच्या पांढऱ्या भागाशीच जोडलेले असते, त्यामुळे मागे जाण्यास वाटच नसते. लेन्स वरच्या पापणीखाली अडकली, तर सोल्यूशनसोबतच्या सूचनेनुसार लेन्सवर चालणारे थेंब टाकून, खाली पाहत पापणी हलकेच चोळावी. तरीही ती सापडली नाही, तर डॉक्टरांकडे जावे.

लेन्स कोणी टाळावी?

डोळे आले असताना, रांजणवाडी झाली असताना किंवा पापण्यांना सूज असताना लेन्स घालू नये. तीव्र कोरडेपणा, वारंवार होणारी डोळ्यांची अ‍ॅलर्जी आणि अनियंत्रित मधुमेह असलेल्यांनी नेत्रतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच निर्णय घ्यावा. धुळीत किंवा रसायनांच्या वाफांत काम करणाऱ्यांनाही हेच लागू आहे. त्रास नसला, तरी वर्षातून एकदा तपासणी आवश्यक आहे. प्राणवायूच्या कमतरतेची सुरुवातीची चिन्हे वापरणाऱ्याला जाणवत नाहीत; ती यंत्रातून डॉक्टरांनाच दिसतात.

धोक्याची लक्षणे

डोळा लाल होणे, दुखणे, खुपणे, उजेड सहन न होणे, पाणी किंवा चिपडे येणे, अंधुक दिसणे आणि बुबुळावर पांढरा ठिपका दिसणे ही लक्षणे गंभीर मानावीत. लेन्स तात्काळ काढावी. नुसता कण गेला असेल, तर लेन्स काढल्यावर बरे वाटते. काढल्यानंतरही दुखत राहिले किंवा दुखणे वाढले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. लेन्सच्या संसर्गात वारंवार आढळणारा स्यूडोमोनास हा जिवाणू एक-दोन दिवसांतच पारपटलाचा मोठा भाग पोखरू शकतो. ‘उद्या पाहू’ हे येथे चालत नाही.

डॉक्टरांकडे जाताना काढलेली लेन्स, डबी आणि सोल्यूशनची बाटली सोबत न्यावी. त्यांवरून प्रयोगशाळेत जंतू ओळखण्यास मदत होते. डोळ्यावर पट्टी बांधू नये, कारण बंद, उबदार जागेत जंतू अधिक वाढतात. गुलाबपाणी, मध, दूध यांसारखे घरगुती उपाय करू नयेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे औषधाच्या दुकानातून आपल्या मनाने थेंब आणू नयेत. अनेक थेंबांत स्टिरॉइड असते. त्याने लाली उतरते आणि बरे वाटते, पण बुरशी किंवा अमीबाचा संसर्ग आतल्या आत बळावतो. रुग्ण डॉक्टरांपर्यंत पोहोचतो तेव्हा मोलाचे दिवस हातचे निघून गेलेले असतात.

आरंभी सांगितलेल्या प्रवाशाने काय करायला हवे होते? उत्तर सोपे आहे. लेन्स काढून टाकून द्याव्यात आणि चष्मा लावावा. एका जोडीची किंमत भरून निघते. फूल पडलेल्या डोळ्याची भरून निघत नाही. म्हणून प्रवासाच्या पिशवीत सर्वांत आधी चष्म्याचे घर ठेवावे आणि मग लेन्सची डबी.